महाराजांची पगारचिठ्ठी

१

मंगळवारी सकाळी साडेअकराला वहिनीचा फोन आला.

"वन्सं, नाटक कंपनीचा माणूस दारात उभा आहे. विचारतोय, महाराज घरी आहेत का."

"मग सांग की, आहेत का नाहीत."

"नाहीत," वहिनी म्हणाली. "रविवारी संध्याकाळपासून नाहीत."

महाराज म्हणजे माझा थोरला भाऊ. एकाच नाटकात एकोणीस वर्षं राजा झाला, म्हणून सगळं गाव त्याला महाराज म्हणतं. मी मात्र दादाच म्हणते. सोमवारी नाटकाला सुट्टी असते. मंगळवारी सकाळी नवे दिवे बसवले म्हणून सगळ्यांना तालमीला बोलावलं होतं, आणि दादा गेला नव्हता. आमचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा ज्याने प्रयोग चुकवला नाही, तो माणूस गेला नव्हता.

"दोन दिवस झाले आणि तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, तिच्याकडे असतील." वहिनीचा आवाज बसला होता. "मीच म्हटलं ना, जा तिच्याकडे म्हणून."

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. कारण ती 'ती' वहिनीच्या हाती पुराव्यासकट दिली होती मीच.

मी एकतीस वर्षं कामगार खात्यात पगारपत्रकं तपासली. गिरण्या, हॉटेलं, छापखाने, आणि शेवटची सहा वर्षं नाटक कंपन्या. फलकावर ज्याचा चेहरा दाराएवढा असतो त्याच्या हातात शेवटी किती पडतात, हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक असायचं. रविवारी सकाळी वहिनी माझ्याकडे आली होती. दादाचा कोट झटकताना आतल्या खिशात करार आणि पगारचिठ्ठ्यांचा जुडगा सापडला होता.

"वन्सं, तुम्हाला यातलं कळतं. एवढं कापतात का हो?"

मी चष्मा लावून बेरीज मांडली. कराराप्रमाणे आठवड्याला एक हजार. त्यातून कर एकशे साठ. एजंटाचे शंभर. संघटनेची वर्गणी वीस, निवृत्तिनिधी पन्नास, कपडेपट आणि रंगभूषेचे तीस. राहिले सहाशे चाळीस. इतकं सरळ होतं. लोकांना वाटतं नट सोन्याच्या ताटात जेवतो, आणि त्याच्या हजाराला निघायच्या आधीच पाच वाटा फुटलेल्या असतात. पण खाली आणखी एक ओळ होती. 'इतर – २४०.' म्हणजे हातात चारशे. आणि दादा घरी देत होता दोनशे साठ.

"पूर्वी सहाशेच्या वर द्यायचे," वहिनी म्हणाली. "मग म्हणाले, कंपनीत कापाकापी चाललीय."

"कंपनी एवढं कापत नाही, वहिनी. हे 'इतर' काय, ते विचारावं लागेल. आणि वरचे एकशे चाळीस तर पाकीट फोडल्यावर गेलेत. चिठ्ठ्या बघ. चौदा महिने हेच चाललंय."

माझा हिशेब बिनचूक होता. तो ऐकून वहिनी पांढरी पडली. तिने एकदा दादाचा पाठलाग केला होता, हे तिने मला तेव्हा सांगितलं. नाटक सहाला, आणि हा घरून निघतो दोनला. दोन गल्ल्या पलीकडे पिवळ्या फाटकाचं एक घर आहे. "एक बाई फाटकातच उभी होती हो, वाट बघत. तोंड दिसलं नाही मला. हाताला धरून आत नेलंन."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, थांब, आधी मी कंपनीत विचारून येते. मी म्हणाले, "बघ बाई, आकडे खोटं बोलत नाहीत."

त्याच दिवशी दुपारच्या प्रयोगानंतर दादा पाकीट घेऊन घरी आला, आणि तासाभरात पिशवीही न घेता बाहेर पडला.

२

नाटकगृहाच्या मागच्या दाराने मी आत गेले. रंगमंचावर कुणीतरी शिडीवर चढून दिवा फिरवत होतं. व्यवस्थापकाची खोली तिकीटखिडकीच्या मागे, एका माणसाला वळता येईल एवढी. हा गृहस्थ मला जुना ओळखत होता. मी खात्यात असताना दर वर्षी माझ्यासाठी खुर्ची पुसायचा. आज पुसली नाही.

"बाई, संध्याकाळी सहाला पडदा वर जायचाय," तो म्हणाला. "तिकिटं संपलीत. महाराज कुठे आहेत?"

"तेच विचारायला आले. त्यांच्या चिठ्ठीवर 'इतर' म्हणून दोनशे चाळीस लागतात. कशाचे?"

"इतर म्हणजे इतर."

"मी निवृत्त झालेय, आंधळी नाही झाले. कशाचे?"

"ते त्यांच्या माझ्यातलं आहे. त्यांनी स्वतः सही केलीय." त्याने टेबलावरचं पगारपत्रक हाताने झाकलं, पण उलटा कागद वाचायची कला माझ्या खात्यात पहिल्या वर्षीच शिकवतात. त्याच्या बोटांखालून शेवटची ओळ दिसत होती. 'बदली नट – २४०.'

बदली नट म्हणजे मुख्य नट आजारी पडला तर उभा करायला पाठ करून ठेवलेला माणूस. बहुतेकांची वर्षं विंगेत बसूनच जातात.

"बदली नटाचा पगार कोण देतं?" मी विचारलं.

"कंपनी. आणखी कोण देणार?" तो फार पटकन म्हणाला. "रोज सहाला तयार होऊन बसतो तो."

"रोज? पूर्वी तर निरोप गेला की यायचा."

त्याने पगारपत्रक खणात सरकवलं. मी उठले, तेव्हा तो दारापर्यंत आला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "बाई, महाराज सापडले तर आधी मला कळवा. घरी नको. आधी मला."

३

दादाच्या मेकअपच्या खोलीत झगा खुंटीला होता. गेल्या पंधरवड्यात मी त्याला एकदाच भेटले होते, तेही चालता चालता. माझ्या दारात येऊन म्हणाला, "छोटे, किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" मी म्हणाले, "कसली किल्ली? माझी डाळीला फोडणी घालायची वेळ आणि तुझी थट्टा." तो हसला आणि गेला. थांबवलं असतं तर दोन शब्द बोलला असता.

झग्याची बाही जड वाटली म्हणून मी आत हात घातला. अस्तराला छोटा खिसा शिवलेला होता, त्यात घडी केलेला कागद. अक्षर गोल, टपोरं, बाईचं.

'तू आलीस म्हणून मी थांबलो. नाहीतर केव्हाच गेलो असतो. आता मला जायला सांगू नकोस.'

सही नव्हती. अक्षर बाईचं आणि बोलणं पुरुषाचं, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. कोपऱ्यात फक्त '३-२'. फेब्रुवारीची तीन, असं मी धरलं.

मी तिथूनच वहिनीला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. सत्य लपवायचं नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.  मग ती म्हणाली, "पुरे, वन्सं," आणि फोन ठेवला.

मागे वळले तर दारात राणी उभी. म्हणजे राणीचं काम करणारी. रंग न लावलेला तिचा चेहरा पन्नाशीचा आणि थकलेला दिसत होता. ती रोज रात्री दादाला स्वतःच्या गाडीतून घरापर्यंत सोडते, हे वहिनीच्या मनात वर्षभर सलत होतं, म्हणून मी सरळच विचारलं.

"तुमचं आणि माझ्या भावाचं काय आहे?"

"आमचं?" ती हसली नाही की चिडली नाही. "एकोणीस वर्षं रोज लग्न लागतं आणि रोज सुटतं. त्यापलीकडे काही नाही."

"मग रोज सोडायला का जाता? त्याला पाय नाहीत?"

"पाय आहेत." ती माझ्या खांद्यावरून आरशाकडे बघत होती. "गेल्या वर्षी त्यांनी सगळ्या खुर्च्यांच्या जागा बदलायला लावल्या. स्वतः कायम डाव्या टोकाला, विंगेला चिकटून. मी प्रेक्षकांकडे पाठ करून बोलते आता. माझ्या सगळ्या टाळ्या गेल्या. मी तक्रार केली का? नाही केली. का, ते मला नका विचारू. मला दोन मुलींची फी भरायची आहे."

"मी फीबद्दल विचारलंच नाही."

"तेच म्हणतेय, विचारू नका." तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली आणि ती एकदम पुढे आली. "ते कुठून काढलंत? जिथे होतं तिथे ठेवा. संध्याकाळी लागेल."

प्रेमपत्र संध्याकाळी कशाला लागतं? मी विचारेपर्यंत तिला रंगमंचावरून हाक आली.

४

एजंटाच्या कचेरीत भिंतभर नटांचे फोटो होते आणि खुर्ची एकच, त्याची. मी उभ्यानेच बोलले.

"तुमच्या भावाचं नाव काढू नका," तो म्हणाला. "माझ्या पोटावर पाय दिला त्यांनी. नवं नाटक आणलं होतं मी, सोळाशेचं! दहा टक्क्यांनी माझे एकशे साठ. कुणी लाथाडतं का सोळाशे?"

"कधीची गोष्ट?"

"झाले की तेरा-चौदा महिने. मी हात जोडले. म्हणाले, नवं नको, जुनंच बरं. पाठ करायला वेळ नाही." त्याने कपाळावर हात मारला. "वेळ नाही! दुपारी चार तास कुठे जातात, ते गावाला माहीत आहे."

"काय माहीत आहे गावाला?"

तो खजील झाला. "म्हणजे... ऐकलेलं. बाहेरचं प्रकरण आहे म्हणतात. मीही म्हटलं एक-दोघांना. रागात माणूस बोलतो, बाई."

मी जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसले. आकडे खोटं बोलत नाहीत, पण त्यांना बोलतं करणारा मूर्ख असला तर ते तरी काय करतील?

चौदा महिन्यांपूर्वी तीन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या होत्या. कंपनीने दोनशे चाळीस कापायला सुरुवात केली. दादा कुणाला तरी एकशे चाळीस द्यायला लागला. आणि त्याने सोळाशेचं काम नाकारलं. पहिल्या दोन गोष्टी प्रकरणात बसत होत्या. तिसरी काही केल्या बसेना. दोन घरं चालवणारा माणूस जास्त कमवायला बघेल. वाढीव सहाशे पायाने ढकलणार नाही.

मग दोनशे चाळीस. बदली नटाचा पूर्ण पगार, एक कमी नाही की एक जास्त नाही. एकतीस वर्षांत मी एकही नट पाहिला नाही, ज्याने स्वतःच्या बदल्याचा पगार स्वतःच्या खिशातून भरला. असं कोण कबूल करेल? ज्याला ठाऊक आहे की आज ना उद्या प्रयोगाच्या मधोमध आपली जागा त्याला घ्यावी लागणार आहे. पण दादाची तब्येत ठणठणीत होती. तीन मजले चढून जायचा. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा.

शरीर धड आणि आवाज धड. मग नटाचं आणखी काय जातं?

मी बाकावरून उठले. वहिनीला फोन करून म्हणाले, "तुझं पिवळं फाटक दाखव मला. आत्ताच्या आत्ता."

५

फाटकाशी वहिनी पदर घट्ट लपेटून उभी होती. मी काही सांगायच्या आत तिने कडी वाजवली.

दार उघडलं ते सत्तरीच्या पुढच्या एका बाईने. जाड भिंगांचा चष्मा, पाठीला बाक, हातात एक फाटकं, वह्यांसारखं बांधलेलं पुस्तक. वहिनीकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या मंडळी ना? बरं झालं आलात. दोन दिवस आले नाहीत ते. ताप आहे का?"

 मी झग्याच्या बाहीत सापडलेला तो कागद पिशवीतून काढून पुढे केला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच. तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. इथेच अडतात ते, म्हणून लिहून बाहीत ठेवायला दिलं." तिने पुस्तक उघडलं. तेच वाक्य, राजाच्या नावासमोर छापलेलं. "मी त्या नाटकाची प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवायची. नवी मंडळी पाठांतरात पक्की निघाली, मला घरी बसवलं. मग चौदा महिन्यांपूर्वी महाराज आले. म्हणाले, बाई, माझी वाक्यं पळताहेत."

आम्ही बसलो. मग तिने सगळं सांगितलं. आधी वाक्यं गेली, मग प्रवेशांचा क्रम, मग माणसांची नावं. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं होतं आणि औषध नाही म्हणूनही सांगितलं होतं. रोज दुपारी चार तास ही बाई सगळं नाटक पुन्हा नव्याने त्याच्या तोंडी बसवायची, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चालत जाऊन डाव्या विंगेत अंधारात उभी राहायची. त्याचे एकशे चाळीस. व्यवस्थापकाला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्याने अट घातली, बदली नट रोज तयार ठेवीन, पण त्याचा पगार तुमच्याकडून. एका रात्री दादा राणीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायला गेला आणि ते नावच त्याला सापडलं नाही, तेव्हा राणीलाही कळलं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाली. "मी सोडून."

"मी म्हणायची, घरी सांगा," म्हातारी म्हणाली. "ते म्हणायचे, सांगितलं तर ती मला एक दिवस काम करू देणार नाही. तुमच्या मनात काय आहे, तेही त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, असू दे. रागावलेली चालेल, कीव करायला लागली तर मी मेलो."

वहिनीने डोळे मिटले. "मला नावाने हाक मारणं सोडलं होतं त्यांनी. मला वाटलं, दुसरीचं नाव तोंडात बसलंय."

"पण आता ते कुठे आहेत?" म्हातारीने विचारलं. "घरी नाहीत?"

"रविवारी संध्याकाळी बाहेर पडले," वहिनी म्हणाली. तशी म्हातारी पुस्तक खाली ठेवून उठली. "बाहेर सोडलंत? एकट्याला? अहो, मी रोज फाटकात उभी राहते ते कशाला? नाहीतर ते पुढे निघून जातात. कोपऱ्यावरून परत फिरता येत नाही त्यांना!"

६

पोलीस चौकीला मी तिथूनच फोन केला. पलीकडच्या हवालदाराने वय, कपडे, उंची विचारली. रविवारपासून नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "आणि आज सांगताय?" दिवसभरात हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होते. सकाळी तो मी वहिनीला विचारला होता.

"वहिनी, तू त्याला नेमकं काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

"मी म्हटलं, तिच्याकडे जा."

"एवढंच?"

"ते म्हणाले, कुणाकडे? नुसते बघत राहिले माझ्याकडे. मला वाटलं सोंग करताहेत, नटच तो. मग मी ओरडले, हे तुमचं घर नाही. तुमचं खरं घर जिथे असेल तिथे जा." ती म्हणाली, "त्यावर 'बरं' म्हणाले, वन्सं. शहाण्या मुलासारखं बरं म्हणाले आणि चपला घालून गेले."

तिने सांगितलं तिथे तो गेला असणार. आम्हाला त्याचं खरं घर शोधायचं होतं. आत्ताचं घर त्यांनी आठ वर्षांपूर्वी घेतलं. ज्याचं कालचं पुसलं जातं त्याला आठ वर्षांचं घर कुठून आठवणार? त्याच्याजवळ जे शिल्लक असेल ते जुनं. आणि मग मला फोडणीच्या वेळची ती किल्ली आठवली.

ती थट्टा नव्हती. छत्तीस वर्षांपूर्वी, त्यांचं नवं लग्न झालं तेव्हा, आम्ही समोरासमोर राहायचो. छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. वहिनी शाळेत शिकवायला जायची आणि किल्ली माझ्याकडे ठेवून जायची. दादा तालमीहून आला की माझ्या दारात उभा राहून रोज एकच वाक्य बोलायचा.

"छोटे, किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

आम्ही टॅक्सी केली.  छापखाना कधीच बंद पडला होता, खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम झालं होतं. जिना मात्र तोच होता, लाकडी कठड्याचा. वहिनी माझ्या पुढे चढत होती आणि दुसऱ्या मजल्यावर तिने कठडा धरला तो सोडवेना.

"वन्सं, नसले तर?"

"चढ," मी म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या जुन्या बंद दारासमोर, पायरीवर दादा बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर कुणाची तरी चौकड्यांची चादर, शेजारी रिकामा कप. समोरच्या दारातून शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला आणि एक बाई गळ्यात टेप घालून बाहेर आली.

"तुमचे आहेत का हो? परवापासून बसलेत. भले माणूस दिसतात म्हणून खायला दिलं, झोपायला आत बोलावलं, ते आले. उजाडलं की पुन्हा पायरीवर. म्हणतात, आमची मंडळी येईल किल्ली घेऊन. मी काल इथल्या चौकीत सांगूनही आले."

दादाने मला पाहिलं. "किती गं उशीर, छोटे," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष वहिनीकडे गेलं. ती तीन पायऱ्या खालीच थांबली होती, वर यायचं धैर्य नसल्यासारखी. तो सरकून भिंतीला टेकला आणि आपल्या शेजारी पायरीवर हाताने जागा पुसली.

"ये," तो म्हणाला. "दमली असशील."

७

त्या संध्याकाळी पडदा वेळेवर वर गेला. बदली नटाने काम बरं केलं, असं ऐकलं.

आठवड्याने मी व्यवस्थापकाच्या टेबलावर कागद ठेवला. साठ आठवडे, दर आठवड्याला दोनशे चाळीस. चौदा हजार चारशे. "बदली नटाचा पगार हा कंपनीचा खर्च आहे. नटाच्या पगारातून तो कापता येत नाही. कलम सांगू?"

"त्यांनीच कबूल केलं होतं."

"घाबरून दिलेली कबुली मी धरत नाही."

त्याने कागद उलटा करून ठेवला. "मी त्यांना पहिल्याच महिन्यात काढू शकलो असतो, बाई. नाही काढलं. चौदा महिने राजा ठेवलं. त्याचे किती धरलेत तुम्ही?"

 त्याने फायदा उठवला हे खरं, आणि त्याच्यामुळे दादाला चौदा महिने टाळ्या मिळाल्या हेही खरं. दावा करायचा तर आजाराचं नाव कागदावर लिहावं लागणार होतं. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. लपवून काय झालं ते बघितलं." पैसे दोन हप्त्यांत आले. एजंट फळं घेऊन आला आणि दारातूनच परत गेला. राणी आली, दादाजवळ तासभर बसली. जाताना जिन्यात मला म्हणाली, "नाटक बंद पडलं असतं तर तीस घरं बसली असती. म्हणून आम्ही गप्प होतो. एवढंच म्हणून झोप लागते का, तर नाही लागत."  मला कुठे लागत होती?

प्रॉम्प्टरबाई अजून दुपारी येतात. वहिनी त्यांना पूर्वीइतकेच पैसे देते आणि नको म्हटलेलं चालवून घेत नाही. काही दिवस दादाला अख्खा प्रवेश येतो, काही दिवस नुसता आवाज येतो, शब्दांशिवाय.

वहिनीने माफी मागायचा प्रयत्न केला. मी तिथेच होते. ती त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि म्हणाली, "त्या रविवारी मी तुम्हाला जे बोलले..."

"कुठला रविवार?" त्याने विचारलं, मनापासून.

तिने तीनदा सांगून पाहिलं. घर, पाकीट, ओरडणं. त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि तिला रडताना बघून तो कावराबावरा झाला. तेव्हा तिने डोळे पुसले. मग जरा वेळाने, कुणाची तरी गोष्ट सांगावी तशी, ती म्हणाली, "एक बाई होती. तिचा नवरा आजारी होता, पण तिला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्यावर नको तो संशय घेतला, आणि एका संध्याकाळी त्याला घराबाहेर काढलं."

मी उठून जायला हवं होतं. त्या संशयाला आकडे मी पुरवले होते. पण माझ्याने उठवेना.

दादा लक्ष देऊन ऐकत होता, नाटकात निरोप ऐकताना ऐकायचा तसा, मान किंचित कलती करून.

"सापडला का तो?"

"सापडला."

"बरं झालं."  मग त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "पण ती बिचारी. तिला किती लागत असेल. तिच्याजवळ कुणी आहे का?"

वहिनीने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आहे," ती म्हणाली.